स्वातीच्या डावीकडे

१९ मार्च २०२६, गुरुवार, रात्री ११

सूर्य मावळताना गुढी उतरवली. साखरगाठी लेकीने लगेच ताब्यात घेतली. जेवणं आटोपून दहाच्या सुमारास आम्ही दोघी पुन्हा गच्चीवर गेलो. अमावास्या नुकतीच सरलेली, चंद्राचा पत्ता नाही. सप्तर्षींच्या शेपटीची कमान पुढे नेली की स्वाती सापडते, हे तिला आता पाठ झालंय. स्वातीपासून डावीकडे, हात लांब करून, दोन मुठींना जरा कमी इतकं अंतर मोजायला लावलं.

"इथे तर काहीच नाहीये, आई."

खरंच काही नाही. पण २००८ साली आजच्याच तारखेला तिथे अर्धा मिनिटभर एक ठिपका उजळला होता. काळोख्या जागी नुसत्या डोळ्यांना दिसेल इतपत. सूर्याच्या कितीतरी पट वजनाचा एक तारा संपला, त्याचा गाभा कोसळून कृष्णविवर झालं आणि ताऱ्याचं पोट फोडून दोन बाजूंना झोत सुटले, जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने. त्यातला एक अगदी नेमका आपल्या दिशेने होता. तो जरा तिरका असता तर आपल्याला कळलंही नसतं. प्रकाश तिथून निघाला साडेसात अब्ज वर्षांपूर्वी. तेव्हा पृथ्वी सोडाच, सूर्यही जन्मला नव्हता! हे वाक्य मी दर वेळी मनात दोनदा म्हणते.

त्या झोतातून आलेले गॅमा किरण, क्ष-किरणांहूनही जोरकस आणि डोळ्यांना न दिसणारे, हवेतून खाली पोचत नाहीत, ते टिपले अवकाशातल्या स्विफ्ट उपग्रहाने. मला मात्र चिलीतले, आभाळावर नजर ठेवणारे छोटे कॅमेरे जास्त आवडतात. अर्ध्या तासापूर्वीच आभाळात त्या जागेजवळ असाच दुसरा एक स्फोट दिसला होता म्हणून ते आधीच तिकडे डोळे लावून होते, आणि हा मोठा त्यांच्या समोरच उजळला. पहिला झाला नसता तर?

आपल्याकडे तेव्हा सकाळचे पावणेबारा वाजत होते. लख्ख ऊन. मी त्या वेळी काय करत होते, खूप आठवून पाहिलं, आठवत नाही. पण तो उजेड या आभाळातही आला असणार, उन्हात विरून गेला असणार, याची हुरहुर अजून जात नाही.

लेकीने विचारलं, "परत होईल का तिथे?"

तिथे नाही, म्हटलं. तो तारा एकदाच संपला. दुसरीकडे कुठेही होईल, कधीही.

मग ती कठड्याला टेकून सगळं आभाळ पाहत राहिली. मीही. साडेदहाला खाली आलो.