चारशे डॉलरचे चिंचोके

गाडी भाड्याची होती, तरी आईने चाकाखाली लिंबू ठेवलंच. ड्रायव्हरने मुकाट्याने त्यावरून चाक नेलं. त्याला सवय असावी. फलटणमधून मुंबईच्या विमानतळाची भाडी हल्ली त्याला बरी मिळतात.

ही जून 2024 ची गोष्ट. बायको नर्स. ती आठ महिने आधीच न्यूझीलंडला, ऑकलंडच्या एका रुग्णालयात रुजू झाली होती. आता मी आणि सहा वर्षांची लेक तिच्या मागोमाग निघालो होतो. माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. चौदा वर्षं विहिरीवरच्या जळक्या मोटारी उघडून त्यांत तांब्याची तार भरली. दुकानाचं शटर शेवटचं ओढलं त्या दिवशीही एकजण साडेसात एचपीची मोटार घेऊन दारात उभा होता. "जाता जाता तेवढी भरून द्या की," म्हणाला. दिली भरून.

लोणंद, नीरा, जेजुरी, सासवड, पुणे. माउलींची पालखी ज्या रस्त्याने आमच्याकडे येते, त्याच रस्त्याने आम्ही उलटे चाललो होतो. पालखी आळंदीहून निघायला अजून काही दिवस होते. लहानपणापासून एकही वर्ष चुकलं नव्हतं. नीरेच्या पुलावर मी काच खाली केली, हात जोडले आणि काच पुन्हा वर केली. लेक झोपली होती.

मुंबईच्या विमानतळाबद्दल सांगण्यासारखं फार नाही. बॅग दोन किलोने जास्त भरली आणि लोणच्याची बरणी सोडायला आलेल्या मेव्हण्याच्या हातात गेली. त्याचा चेहरा मात्र खुलला. सिंगापूरला साडेपाच तासांत पोचलो आणि पुढच्या विमानासाठी बारा तास बसलो. लेकीने सरकत्या पट्ट्यावरून किती फेऱ्या मारल्या ते मी मोजायचं सोडून दिलं. पाट्यांवर तमिळ अक्षरं दिसली की मात्र उगाच धीर यायचा. मला तमिळ वाचता येत नाही, पण आपल्या बाजूचं कोणीतरी इथे आधी येऊन गेलंय, एवढं कळत होतं.

संध्याकाळी विमान सुटलं आणि काही मिनिटांतच आम्ही विषुववृत्त ओलांडलं. समोरच्या पडद्यावरच्या नकाशात ती रेघ मागे गेली. इकडचा पावसाळा तिकडे हिवाळा. लेकीला म्हटलं, "बघ, आता आपण पृथ्वीच्या खालच्या बाजूला." तिने आधी पट्टा घट्ट केला, मग विचारलं, "खाली पडत नाही ना?"

न्यूझीलंडला जायचं तर एक जाहीरनामा भरावा लागतो. तो मी निघायच्या आदल्या रात्री मोबाईलवर भरला होता. खाण्याचे पदार्थ आहेत? हो. गेल्या 30 दिवसांत शेतावर किंवा जनावरांजवळ गेला होता? त्याच दिवशी सकाळी मी स्वतः गाईची धार काढली होती. हो. बायकोने फोनवर दहादा बजावलं होतं, "काही लपवू नका. न सांगितलेलं काही सापडलं तर जागेवर चारशे डॉलर दंड." आपले वीस हजार रुपये झाले.

उतरायला तासभर असताना लेकीने कंपासपेटी उघडली. आत अकरा चिंचोके. "आजीने दिलेत. मम्मीबरोबर खेळायला."

चिंचोका म्हणजे बी. आणि बिया तर जाहीरनाम्यात नव्हत्याच. चारशे भागिले अकरा असा हिशेब डोक्यात सुरू झाला.

विमानातून उतरून पासपोर्टच्या रांगेकडे जाताना लाकडात कोरलेलं माओरी प्रवेशद्वार लागतं. लोक तिथे थांबून फोटो काढत होते. मी कंपासपेटी हातात धरून चाललो होतो.

तपासणीच्या टेबलावर माझ्या वयाची एक बाई होती. मी पहिलं वाक्य तेच बोललो, "बिया आहेत, फॉर्ममध्ये लिहिल्या नाहीत, मला आत्ताच कळलं." तिने चिंचोके तळहातावर घेतले, लेकीकडे पाहिलं, हसली आणि ते पिशवीत टाकले. दंड नाही. आपण होऊन सांगितलंत, म्हणाली.

मग बॅगा उघडल्या. गोडा मसाला, मेतकूट, पापड तिने उलटसुलट करून परत ठेवले. आईने रुमालात बांधलेल्या तुळशीच्या मंजिऱ्या गेल्या. आणि कंदी पेढ्यांचा डबा. साताऱ्याहून मुद्दाम आणलेले, दीड किलो.

ती समजावून सांगायला लागली, पण मला ते तिच्याआधी कळलं होतं. लाळ्या-खुरकूत. आमच्या गोठ्यात एकदा ती साथ येऊन गेली आहे. तोंडातून लाळ गळणारी, खूर फुटलेली, वैरणीकडे नुसती बघत उभी राहिलेली गाय मी पाहिली आहे. तो विषाणू दुधातूनही पसरतो. या देशात तो रोग आजवर कधीच आलेला नाही आणि यांची सगळ्यात मोठी निर्यात दुधाचीच. मी तिच्या जागी असतो तर मीही पेढे टाकले असते. तरी डबा पिंपात पडताना जो आवाज झाला तो बरा नव्हता.

शेवटी बूट. तळाच्या खाचांत गोठ्याबाहेरची काळी माती वाळून बसली होती. तिने ते आत नेले आणि दहा मिनिटांनी ओलेच परत आणले, मागेपुढे स्वच्छ. इतके स्वच्छ ते दुकानातून आणल्यापासून झाले नव्हते. मी टेबलाशी मोज्यांवर उभा राहून नाड्या बांधल्या.

बाहेर बायको. लेक आठ महिन्यांनी आईला बघून आधी माझ्या मागे लपली, मग जी बिलगली ती गाडीत बसेपर्यंत सुटली नाही.

घरी गेल्यावर मी पहिल्यांदा बटणं बघितली. सवय. व्होल्टेज आपलंच, 230, पन्नास हर्ट्झ. पण सॉकेटची भोकं तिरकी. म्हणजे वीज ओळखीची आणि पिन परकी. माझा चार्जर दोन दिवस बॅगेतच राहिला. इथे वायरिंगला हात लावायचा तर आधी परवाना लागतो, तेव्हा पक्कड-टेस्टरही बॅगेतच आहेत.

28 जूनला सुट्टी होती. मातारिकी, माओरींचं नवं वर्ष. पहाटे ईशान्येला एक तारकापुंज उगवतो त्यावरून धरतात. बायको रात्रपाळी करून आली आणि आम्हाला तसंच शाली गुंडाळून अंगणात उभं केलं. बराच वेळ शोधल्यावर दिसला. आपल्या कृत्तिका!

आईला फोन लावला. तिच्याकडे मध्यरात्र उलटली होती, पण ती जागीच.

"आर्द्रा लागलं, पाऊस न्हाई अजून," ती म्हणाली. मग, "पेढं पोचलं का नीट?"

"पोचले."

"पोरीनं खाल्लं?"

"संपले."

"मग पुढच्या खेपंला दोन किलो देती."