पेडव्याने अडवलेलं बंदर

फ्रान्समधल्या मार्सेयला आम्ही तीन दिवस होतो. त्यातला एक आख्खा दिवस पायऱ्या चढण्यात गेला. सें-शार्ल स्टेशनच्या दारातच १०४ पायऱ्या, आणि नोत्र-दाम द ला गार्दच्या टेकडीबद्दल तर माझ्या गुडघ्यांनाच विचारा. वर चर्चमध्ये छताला छोटी छोटी जहाजं टांगलेली आहेत, खलाशांनी फेडलेले नवस. तेवढ्यासाठी चढणं माफ.

मी नाशिकचा. मार्सेय आमच्या यादीत एकाच कारणाने आलं, ते लपवण्यात अर्थ नाही. मार्सेलिस, ८ जुलै १९१०, मोरिया बोट, सावरकरांची उडी. गुरुजी सांगायचे तेव्हा डोळ्यांपुढे अथांग समुद्र यायचा आणि लाटा कापत जाणारा एकटा माणूस.

पण आधी मासळी, कारण बायको मालवणची. जुन्या बंदराच्या धक्क्यावर सकाळी कोळणी बसतात. बोटांवर मोजण्याइतक्याच उरल्यात. इसवी सनापूर्वी ६००च्या सुमारास फोकेआचे ग्रीक व्यापारी याच खोबणीत येऊन उतरले होते. आता तिथे २०१३ साली नॉर्मन फॉस्टरने उभारलेलं आरशाचं छप्पर आहे. मान वर केली की आपण उलटे लटकलेले. हिने सवयीने एका माशाचे कल्ले उघडून पाहिले आणि पलीकडून जो आवाज चढला! भाषा कळली नाही, सूर मात्र थेट मालवण बाजारातला. ही खूश.

शेजारी उभे असलेले एक आजोबा मध्ये पडले. तारल्यांच्या ढिगाकडे बोट दाखवून मोडक्या इंग्रजीत म्हणाले, "अशाच एका माशाने हे बंदर अडवलं होतं." ही म्हणाली, "पेडव्याने? बंदर?" ते हसलेसुद्धा नाहीत. मार्सेयवाले थापांसाठी फ्रान्सभर प्रसिद्ध, म्हणून मीही सोडून दिलं.

रात्री शोधलं तर गोष्ट खरी, एका अक्षराचा घोळ सोडून. १७८०मध्ये 'सार्तिन' नावाचं जहाज इंग्रजांनी सोडलेले फ्रेंच कैदी घेऊन चक्क पाँडिचेरीहून येत होतं. वाटेत एका इंग्रज युद्धनौकेने तोफा डागल्या, कप्तान मेला. जहाज कसंबसं इथवर पोचलं आणि नेमकं बंदराच्या तोंडात बुडालं. सार्तिनची 'सार्दिन', म्हणजे तारली, लोकांनीच केली.

(बुयाबेस खाल्लं. कोळ्यांचं उरल्यासुरल्या मासळीचं कालवण, आता माणशी सत्तर युरो. "त्रिफळं नाहीत," एवढाच हिचा अभिप्राय. मला तेवढाही देववला नाही, बिल माझ्या हातात होतं.)

तिसऱ्या दिवशी उडीची जागा. मोठ्या आगबोटी जुन्या बंदरात नव्हे, उत्तरेला ला जोलिएत्तच्या गोदीकडे लागायच्या. तिथे आता कुंपण आहे. दिसतं ते शेजारच्या मॉलच्या गच्चीवरून. म्हणजे मी ज्यासाठी आलो ते कॉफीचा कागदी कप हातात धरून पाहिलं. खाली अल्जीरियाला जाणारी पांढरी बोट उभी. बोट आणि धक्का यांच्यामध्ये पाणी ते केवढं! माझा अथांग समुद्र तिथेच आटला. सावरकर धक्क्यावर चढले, धावले, फ्रेंच पोलिसाने धरलं आणि पुन्हा बोटीवर नेऊन दिलं. प्रकरण हेगच्या लवादापुढे गेलं. फेब्रुवारी १९११चा निकाल असा, की चूक झाली खरी, पण इंग्रजांनी कैदी परत द्यायची गरज नाही. मला हे पाण्यापेक्षा जास्त लागलं. किनारा गाठून काय उपयोग झाला?

मग माझं लक्ष त्या बोटीच्या गोल खिडक्यांवर गेलं आणि हलेचना. माझ्या शाळेतल्या चित्रात समुद्रच एवढा होता की खिडकी कधी आलीच नाही. शौचकुपातली खिडकी, दारावर पहारा, आणि अंग आक्रसून बाहेर. मी हाताने हवेत एक वर्तुळ काढून हिला दाखवलं.

तिने वर्तुळ पाहिलं, मग माझं पोट पाहिलं. म्हणाली, "तू अडकला असतास. मग पेडव्याचं नाव मागे पडलं असतं."