बधीर चट्टा आणि नणंदेचं लग्न

कुष्ठरुग्ण शोध मोहिमेच्या पाचव्या दिवशी आशा ताईंनी एक संशयित कळवली. चंद्रपूर जिल्ह्यातलं धानाचं गाव, बाई साधारण अठ्ठावीस वर्षांची. अंगणात माणसं जमायला लागली, म्हणून मागच्या छपरीत उजेडाकडे पाठ करून तिला बसवलं. पाठ आशा ताईंनी बघितली. फिकट लालसर चट्टे आठ भरले.

डोळे मिटायला सांगून बॉलपेनचं टोक आधी चांगल्या कातडीवर टेकवलं. जिथं टेकलं तिथं तिनं बोट ठेवायचं. बोट नेमकं पडलं. चट्ट्यांवर टेकवलं तेव्हा हात उचललाच नाही. उजव्या कोपराच्या आतल्या हाडामागची नस जाड लागली, दाबल्यावर दुखली. करंगळी बाहेर काढून धरायला सांगितली, तर जरा दाबताच आत आली. करंगळीवर भाजल्याची खूण होती. तवा कधी लागला, तिला कळलंच नव्हतं.

"कधीपासून, ताई?"

"पहिला चट्टा तीन वर्सं झाले जी. मले समजलं होतं. पन नणंदेचं लगन जमत होतं."

हाताची ताकद कमी होऊन चार महिने झाले होते. नसेचं नुकसान सहा महिन्यांच्या आतलं असेल, तर प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गोळ्यांनी ते भरून येण्याची बरीच आशा असते. उजवा तळपाय मात्र दोन वर्षांपासून बधीर. ती जाणीव परत येईल असं तिला सांगता आलं नाही.

'महारोगात बोटं झडतात' हा गावातला पक्का समज. जंतू बोटं खात नाहीत. बधीर हाताला चटका, काटा कळत नाही, जखम चिघळून हाडापर्यंत जाते, हाड झिजून बोट आखूड होतं. त्याला वर्षं लागतात, आणि नेमकी तीच वर्षं लपवण्यात जातात. गावाला दिसतात ते उशिरा आलेले हात. वेळेत गोळ्या घेऊन बरे झालेले कुणाला सांगत नाहीत, म्हणून ते मोजलेच जात नाहीत. तिची भीतीही पोकळ नव्हती: 2019 पर्यंत हिंदू विवाह कायद्यातच कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण होतं.

आरोग्य केंद्रात डॉक्टरांनी निदान पक्कं केलं. उपचार 12 महिने. दर महिन्याचा पहिला डोस समोरच: रिफाम्पिसिन 600 मिलिग्रॅम, क्लोफाझिमिन 300, डॅप्सोन 100. पुढे घरी रोज क्लोफाझिमिन 50 आणि डॅप्सोन 100. लघवी लाल होईल, घाबरू नका, हे सगळेच सांगतात. कातडी काळवंडेल आणि औषध संपल्यावर हळूहळू निवळेल, हे सांगायचं राहून जातं. मग शेजारणी "काळी कायले पडली?" विचारतात आणि बाई गोळ्या चुलीत टाकते. म्हणून विचारलं तर काय सांगायचं, हे तिच्याशी आधीच ठरवलं. नसेसाठी सुरू केलेलं प्रेडनिसोलोन मनाने एकदम बंद करायचं नाही, हे दोनदा सांगितलं. तळपाय रोज वीस मिनिटं साध्या पाण्यात भिजवायचे, ओले असतानाच तेल लावायचं, भेगा आणि काटे डोळ्यांनी शोधायचे. मऊ तळव्याची एमसीआर चप्पल तिनं नाकारली; बघणारा ओळखतो. तसाच मऊ तळवा तिच्या नेहमीच्या, मागे पट्टा असलेल्या चपलेत बसवून द्यायचं ठरलं.

उरली सहवासितांची यादी. घरचे, शेजारी, सोबत काम करणारे, अशा सगळ्यांना रोग होऊ नये म्हणून रिफाम्पिसिनचा एकच डोस देता येतो. दोन वर्षांखालची मुलं, गरोदर बायका आणि क्षयाचे संशयित वगळायचे. पण शेजारी विचारणार की कुणामुळे, म्हणून त्याआधी रुग्णाची संमती लागते.

पहिल्या डोसनंतर तिच्यापासून लागण होण्याचा धोका जवळपास संपतो, हे पुन्हा समजावलं. तिनं मान हलवली आणि म्हणाली, "घरचेच लिवा."

पाच नावं लिहिली. रोवणीत जिच्या खांद्याला खांदा लावून ती दिवस दिवस वाकलेली असते, त्या शेजारणीचं नाव त्यात नव्हतं.