आमची वाटचाल : एक फावडं, एक रिंग आणि घेवड्याच्या बारा कुंड्या

बॅचची मुलं दोन वर्षं मागे लागलीयत की मॅडम आपली वाटचाल लिहा, सगळे लिहितात. लिहायला बसले तर लक्षात आलं की आमच्या शेतीच्या कोर्सच्या चौदा वर्षांपैकी बारा-तेरा वर्षांबद्दल सांगण्यासारखं काहीच नाही. बॅच आली, हंगामभर राबली, कामाला लागली, पुढची आली. जाड फाइल एकाच वर्षाची आहे. तर तीच उघडते.

त्याआधी आम्ही काय करतो ते थोडक्यात. रिजनरेटिव्ह शेती (मातीचा कस पुन्हा वाढवत जाणारी) आणि ॲग्रोइकॉलॉजी (निसर्गाच्या चक्रांशी जुळवून शेती करायचं शास्त्र) यांत ज्यांना नोकरी किंवा स्वतःचं काम करायचंय त्यांना आम्ही तयार करतो. फार्म मॅनेजर, संस्थांचे फील्डवाले, सर्टिफिकेशनचे इन्स्पेक्टर, हल्ली कार्बनच्या, म्हणजे मातीत किती कार्बन साठला ते मोजणाऱ्या, प्रोजेक्टांसाठी मातीचे नमुने घेणारे. कोर्स एका पूर्ण हंगामाचा, पेरणीच्या आधीपासून काढणीच्या नंतरपर्यंत. सुरुवातीला मी एकटी होते, भाड्याची जमीन होती, आणि जमीन कसली, तीस वर्षं नांगरून नांगरून खाली तवा, म्हणजे मातीचा घट्ट थर, बसलेला. पहिल्या बॅचला ७ जण.

थिअरी मी अर्ध्या दिवसात उरकते. ॲग्रोइकॉलॉजी हा शब्द बेन्सिन नावाच्या शास्त्रज्ञानं १९२८ च्या सुमारास वापरला, पुढे अल्टिएरी आणि ग्लिसमन यांनी त्याचं शास्त्र उभं केलं, रिजनरेटिव्ह हा शब्द रॉबर्ट रोडेल यांनी ऐंशीच्या दशकात रुजवला, आणि एफएओनं, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेनं, ॲग्रोइकॉलॉजीचे जे १० घटक मांडलेत त्यात विविधता, पुनर्चक्रण यांच्या जोडीला कारभार आणि ज्ञानाची देवाणघेवाण पण आहे, म्हणजे नुसतं शेणखत टाकलं की झालं असं नाही. एवढं झालं की बूट घाला आणि चला.

बाहेर गेलं की पहिलं हत्यार फावडं. माझं आहे ते सरळ पात्याचं, खरं तर स्पेड म्हणायचं, पण आमच्याकडे सगळे फावडंच म्हणतात. पात्यावर कानशीनं २० सेंटीमीटरची खूण केलेली आहे, कारण तेवढा लांब-रुंद-खोल चौकोनी गठ्ठा काढायचा, प्लास्टिकवर ठेवायचा आणि हातानं उघडायचा. गांडुळं मोजायची, ढेकूळ कसं फुटतं ते बघायचं, वास घ्यायचा आणि मुळं बघायची. मुळं सरळ खाली जाता जाता एकाएकी आडवी वळली असतील तर तिथं तवा आहे, त्याला कुठल्या रिपोर्टची गरज नाही. या फावड्याचा दांडा दुसऱ्या वर्षी चिरला, मी त्याला तांब्याची तार गुंडाळली ती अजून तशीच आहे. ही तार लक्षात ठेवा, पुढे कामाला येणारे.

दुसरं हत्यार रिंग, जमिनीत पाणी किती वेगानं मुरतं ते बघायला. ६ इंची लोखंडी रिंग जमिनीत ठोकायची, आत एक इंच पाणी ओतायचं आणि घड्याळ लावायचं. किटच्या पुस्तिकेत या रिंगसाठी ४४४ मिली पाणी लिहिलेलं असतं आणि पोरं डोळे झाकून तेवढं ओततात. अरे बाबांनो, आतला व्यास मोजा. पुरता ६ इंच असेल तर एक इंच पाण्याला ४६३ च्या आसपास लागतं, पाइप कापून घरी रिंग बनवली असेल तर आणखी वेगळं. आणि पहिल्या इंचाचं रीडिंग खरं धरू नका, कोरडी जमीन पहिलं पाणी अधाशासारखं पिते, दुसरा इंच ओता आणि तो लिहा. हे मी इथं का सांगतेय माहीत नाही पण परवाच एकाच्या रिपोर्टमध्ये पहिल्या इंचाचे आकडे बघितले म्हणून आठवलं.

आता काकांबद्दल. काका आमचे पहिले गिऱ्हाईक. पहिल्या बॅचला त्यांनी त्यांच्याकडचा एक माणूस पाठवला आणि तो नीट शिकतोय का बघायला स्वतःच रोज यायला लागले, बांधावर उभे राहायचे, बोलायचे काही नाहीत. मी रिंग ठोकून, स्टॉपवॉच लावून, तावातावानं सगळं समजावत होते. आठव्या-नवव्या दिवशी काका खाली वाकले, मूठभर माती उचलली, दाबली, अंगठ्यानं मोडली आणि म्हणाले, "बाई, वाफसा नाही अजून. आज या पोरांना जमिनीत फिरवू नका, तुडवून घट्ट कराल आणि उद्या हीच रिंग लावून म्हणाल पाणी मुरत नाही." वाफसा म्हणजे जमीन ना चिखल ना कोरडी, काम करण्याजोगी ओल. मी त्या दिवशी बॅच बाहेर काढली. तेव्हापासून आमच्या वेळापत्रकात पहिला तास मुठीचा असतो आणि मग यंत्रं. काकांनी त्यानंतर एकही वर्ष माणूस पाठवायचा सोडलेला नाही.

आता ती फाइल.

तिसऱ्या बॅचमधला एक मुलगा आमच्याकडेच राहिला, फील्ड असिस्टंट म्हणून, चार वर्षं. हुशार होता, बोलायला तर माझ्यापेक्षा चांगला. नाव घेणार नाही. माझ्या नोट्स त्यानंच टाइप केल्या, स्लाइड्स त्यानंच बनवल्या, त्यामुळे गेला तेव्हा सगळं त्याच्या लॅपटॉपवर होतंच. जाताना सांगून गेला की घरची शेती बघायचीय. दोन महिन्यांनी जाहिरात आली. दोन दिवसांचा ऑनलाइन कोर्स, शेवटी रिजनरेटिव्ह एक्स्पर्ट असं सर्टिफिकेट. आणि जाहिरातीतला फोटो, मातीचा गठ्ठा, शेजारी फावडं, दांड्याला तांब्याची तार!

दोन दिवस. परमाकल्चरचा, म्हणजे निसर्गाच्या धर्तीवर शेत आणि वस्तीची आखणी करायचा, डिझाइन कोर्स, जो मॉलिसन आणि होमग्रेन यांच्या कामातून ऑस्ट्रेलियात उभा राहिला, तो पण ७२ तासांचा असतो आणि तो डिझाइनचा आहे, शेत चालवायला शिकवल्याचा दावा तो करत नाही. दोन दिवसांत तर कंपोस्टचा ढीग धड तापतही नाही. पण रिजनरेटिव्ह या शब्दाला सेंद्रियसारखी ठरलेली कायदेशीर व्याख्या नाही, त्यामुळे कोणीही काहीही छापू शकतो आणि कोणी विचारत नाही.

आणि नेमक्या त्याच हंगामात आम्ही शेण खाल्लं. म्हणजे अक्षरशः शेणातच घोळ झाला. बॅच १६ जणांची होती, तोवरची सगळ्यात मोठी, आमचं स्वतःचं खत पुरणार नव्हतं म्हणून मी बाहेरून शेणखत आणि पेंढा मागवला. ढीग लावला, कर्ब (कार्बन) आणि नत्र (नायट्रोजन) यांचं प्रमाण ३० ला १ धरलं, थर्मामीटर खुपसला तर ६० अंश. अमेरिकेच्या सेंद्रिय नियमात उघड्या ढिगाला ५५ च्या वर १५ दिवस आणि त्यात ५ पलट्या सांगितल्यात, आम्ही सहा दिल्या. वास जंगलासारखा, रंग काळाभोर. मी त्या ढिगाशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला, आता तो बघवत नाही.

खत पसरलं, लागवड झाली. तिसऱ्या आठवड्यात घेवड्याची नवी पानं वाटीसारखी वळायला लागली, टोमॅटोचे शेंडे नेच्याच्या पानासारखे बारीक आणि पिळलेले. मी आधी व्हायरस म्हटलं. मग पाणी कमी पडलं म्हटलं. मातीची टेस्ट केली तर सगळं उत्तम, पीएच उत्तम, नत्र-स्फुरद-पालाश उत्तम. मुलं माझ्या तोंडाकडे बघतायत आणि मी रोज नवं कारण सांगतेय, चार दिवस असं चाललं. पाचव्या दिवशी काका आले, पान उलटं करून बघितलं आणि एवढंच विचारलं, "खत कुठनं आणलंत?" आणि हातानं शेजारची मक्याची ओळ दाखवली. त्याच वाफ्यात, त्याच खतावर मका हिरवागार, ताठ.

तिथं डोक्यात लख्ख उजेड पडला. क्लोपायरॅलिड, अमिनोपायरॅलिड या जातीची तणनाशकं गवतवर्गीय पिकांना काही करत नाहीत, म्हणून कुरणात आणि धान्याच्या शेतात मारतात. तो चारा जनावर खातं, औषध पोटातून तसंच शेणात येतं, आणि कंपोस्टच्या उष्णतेनंही लवकर मोडत नाही. अब्जात काही भाग एवढं उरलं तरी घेवडा, वाटाणा, टोमॅटो वाकडे होतात. नेहमीच्या माती परीक्षणात ते दिसत नाही. हे मला माहीत होतं हो, वाचलेलं होतं, नोट्समध्ये एक ओळ पण होती. फक्त खत पसरायच्या आधी दोन कुंड्यांत घेवडा लावून बघायचा आळस केला. ज्याच्याकडून घेतलं त्याला दोष देऊन उपयोग नव्हता, त्यानं पण चारा बाहेरून विकत घेतलेला, त्याला काय मारलंय ते ठाऊक नव्हतं. विचारायचं काम माझं होतं.

१६ पैकी ९ जण गेले. त्यांची पूर्ण फी परत केली, कोणी मागायच्या आधी, त्याबद्दल मला आजही वाईट वाटत नाही. वाईट याचं वाटतं की त्यातले पाच थेट त्या दोन दिवसवाल्याकडे गेले आणि त्यानं लगेच सगळीकडे सांगायला सुरुवात केली की मॅडमच्या प्लॉटवर पिकं जळाली, मातीचं शास्त्र जुनं झालंय. कंपोस्टची जी स्लाइड तो दाखवायचा तीत माझीच ओळ होती. बियाणांची एखादी पिशवी तो घेऊन गेला असता तरी एवढं लागलं नसतं.

पैसे संपले. पेनेट्रोमीटर, म्हणजे माती किती घट्ट आहे ते मोजायचं यंत्र, विकायला काढला, जो मी दोन वर्षं पैसे साठवून घेतलेला, जमिनीत दाबायचा आणि काटा ३०० पीएसआयच्या (हे दाबाचं माप) पुढे गेला की मुळांना तिथून पुढे जाणं अवघड असं समजायचं. काकांनी घेतला. पैसे मोजून दिले आणि यंत्र माझ्याच खोलीच्या कोपऱ्यात ठेवून निघाले. म्हटलं काका, घेऊन जा. तर म्हणाले, "मला काय करायचंय, माझ्याकडे सळई आहे." अजून तिथंच आहे, कागदोपत्री काकांचं.

वर त्यांनी अर्धा एकर दिला उरलेल्या सात जणांसाठी. आणि माझा खराब प्लॉट मी नांगरून लपवला नाही, सगळे म्हणत होते लपव. तिथं आम्ही पट्टे पाडले. औषध मातीतल्या जिवाणूंनीच मोडतं आणि त्याला हवा लागते, म्हणून एका पट्ट्यात माती वरचेवर हलवली, एकात गवतवर्गीय पिकं घेतली, एक तसाच ठेवला, आणि त्या पिकांचा पालापाचोळा पुन्हा ढिगात जाऊ दिला नाही. दर महिन्याला प्रत्येक पट्ट्यातली माती कुंडीत भरून घेवडा. त्या सात जणांना जे शिकायला मिळालं ते नंतरच्या कुठल्याच बॅचला मी मुद्दाम देऊ शकलेले नाही, आणि त्यातले सातही आज याच कामात आहेत.

मधली वर्षं ठीक गेली. कार्बनचं काम वाढलं तसे नमुने घेणाऱ्यांना मागणी आली आणि इथं आमची पोरं चालली, कारण त्यांना बल्क डेन्सिटी, म्हणजे ठरावीक आकारमानाच्या मातीचं कोरडं वजन, काढता येते. नुसतं कर्ब एक टक्का म्हणून चालत नाही. ३० सेंटीमीटर खोली, घनता घन सेंटीमीटरला १.३ ग्रॅम, कर्ब १ टक्का, तर हेक्टरी ३९ टन कर्ब. घनता न मोजता अंदाजानं १.५ धरली तर तेच ४५ होतात, म्हणजे सहा टन हवेतून आले. हा हिशेब ज्याला कागदावर पेन्सिलीनं येत नाही त्यानं या धंद्यात मातीचा नमुना पिशवीत भरू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि आता विषय निघालाच आहे तर, या करिअरमध्ये यायचा विचार करणाऱ्यांनो, कोर्स निवडताना सर्टिफिकेटवर काय छापलंय ते बघू नका, शिकवणाऱ्याला विचारा की तुमचं शेवटचं काय फसलं. जो म्हणेल काहीच नाही, त्याच्याकडे जाऊ नका. शेतकऱ्याच्या बांधावर गेलात की पहिला अर्धा तास गप्प बसा. वही ठेवा, मोबाइल भिजतो. आणि हंगाम पूर्ण करा, मध्येच नोकरी लागली तरी काढणीला परत या, काढणी न बघितलेला माणूस पेरणीबद्दल फार बोलतो.

मागच्या वर्षी त्या दोन दिवसवाल्याचा मेसेज आला. इतक्या वर्षांनी. "मॅडम, ती कुंड्यांच्या टेस्टची शीट आहे का तुमच्याकडे, एका क्लायंटकडे पानं वळतायत." मी रात्रभर उत्तर दिलं नाही. सकाळी शीट पाठवली, कारण पानं त्या क्लायंटची वळत होती, त्याची नाही. खाली लिहिलं की माझ्या फावड्याचा फोटो काढून टाक. थँक्यूचा अंगठा आला. फोटो अजून आहे.

नवी बॅच पुढच्या महिन्यात सुरू होतेय, १२ जणांची. यंदा काकांचा माणूस नाही, काकांची नात येतेय. खत थोडं बाहेरून घ्यावं लागलंय, त्यामुळे खिडकीत बारा कुंड्या मांडल्यात, सहा आपल्या जुन्या मातीच्या, सहांत नवं खत निम्मं मिसळलेलं, प्रत्येकीत घेवड्याचे तीन दाणे. आज अकरावा दिवस. पानं सरळ आहेत. मी काल खत पसरायचं म्हणत होते, तर काकांनी कुंड्यांकडे बघितलं आणि म्हणाले, "एकवीस पुरे होऊ देत, बाई."