अख्खं पान

माझ्या फोनमध्ये ‘नंतर वाचू’ नावाचं एक फोल्डर आहे. त्यात किती पानं साठलीत हे मी मोजत नाही. मोजायला गेलं की एखादं उघडावं लागेल, आणि उघडलं की वाचावं लागेल. साठवलं की निम्मं वाचल्यासारखं वाटतं, हीच तर त्यातली गंमत.

पूर्वी मी नुसते बुकमार्क करायचे. मग शिलाई मशीनचं प्रकरण झालं. वरचा धागा सारखा तुटायचा. त्यावर कुणा जाणकारानं फार सुरेख लिहिलेलं पान मला सापडलं होतं. सुई उलटी बसली तरी धागा तुटतो, हे त्यात सातव्या फोटोत दाखवलं होतं: सुईच्या सपाट बाजूवर टेकवलेलं एक बोट, नखाला मशीनचं तेल लागलेलं. मी बुकमार्क केला आणि निर्धास्त झाले. दीडेक वर्षानं धागा पुन्हा तुटायला लागला, तेव्हा ऐटीत बुकमार्क दाबला. समोर ४०४. पान नाही.

बुकमार्क म्हणजे नुसता पत्ता. तो वहीत जपून ठेवला म्हणून घर जागेवर राहतंच असं नाही. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी संशोधन संस्थेनं २०२४ मध्ये या गायब होण्याचा हिशोब मांडला होता. २०१३ साली असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडत नव्हती. आपलं एकटीचंच हरवलं नाही, एवढाच काय तो दिलासा. पत्ते जपणाऱ्यांचीही गत वेगळी नाही. ‘रीड इट लेटर’ या नावानं २००७ मध्ये सुरू झालेलं आणि पुढे ‘पॉकेट’ झालेलं ॲप जुलै २०२५ मध्ये बंद झालं. लोकांचं ‘नंतर’ यायच्या आत दुकानच उठलं.

त्या ४०४ पासून मी अख्खं पान उतरवून घेते. सोपं वाटतं, पण त्यातही नखरे आहेत. लांबलचक स्क्रीनशॉट आता फोनमध्येच मिळतो. आयफोनच्या सफारीत तो २०१९ च्या आयओएस १३ पासून आहे, अँड्रॉइडमध्ये मुळातूनच आला तो २०२१ च्या अँड्रॉइड १२ मध्ये, काही कंपन्यांच्या फोनमध्ये त्याच्याही आधी. बरेच फोन पान थोडं थोडं सरकवतात, तुकडे टिपतात आणि गोधडीसारखे जोडतात. पण पानाच्या तळाशी ‘कुकीज स्वीकारा’ म्हणत चिकटून बसलेली पट्टी असली की मात्र पंचाईत. एकदा माझ्या एका स्क्रीनशॉटमध्ये ती अकरा वेळा आली. दर दोन परिच्छेदांनंतर तीच विनवणी! शिवाय गॅलरीत ते चित्र सुतळीएवढं बारीक दिसतं, आणि त्यातला एखादा शब्द शोधायचा तर डोळेच फोडायचे.

दुसरी खोड चित्रांची. हल्ली बरीच पानं चित्रं आधी आणतच नाहीत. आपण तिथवर पोचलो की मगच आणतात. घाईनं पान उतरवलं तर चित्रांच्या जागी राखाडी चौकोन. म्हणून मी आधी अंगठ्यानं पान हळूहळू पार तळापर्यंत नेते, प्रत्येक चित्र उमटेपर्यंत थांबते, मग वर येऊन टिपते. वाचताना एवढा धीर मी कधी धरलेला नाही.

प्रिंटमध्ये जाऊन पीडीएफ केलं तर अक्षरं निवडता येतात, शब्द शोधता येतो. पण पीडीएफला कागदाची सवय. तो तक्त्याचं शीर्षक एका पानावर ठेवतो आणि आकडे दुसऱ्या. अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये डाउनलोडचा बाण दाबला की मिळते ती एमएचटीएमएल फाइल, आणि माझा जीव तिच्यावर. एरवी वेबपान म्हणजे मजकूर एकीकडे, चित्रं दुसरीकडे, रंगरूप तिसरीकडे. ईमेलला जोडपत्रं जोडायची जी पद्धत, तिनंच ही फाइल सगळा पसारा एका गाठोड्यात बांधते. फक्त हे गाठोडं दुसऱ्या कुणाला पाठवलं तर त्याच्या फोनमध्ये सुटेलच याची खात्री नसते.

एवढं सगळं शिकल्यावर एक दिवस सुचलं, की मशीनवालं ते पान दुसऱ्या कुणी जपलं असेल तर? इंटरनेट आर्काइव्ह ही संस्था १९९६ पासून जगभरची पानं साठवते, आणि ती जुनी पानं दाखवणारं तिचं ‘वेबॅक मशीन’ हे संकेतस्थळ २००१ पासून सगळ्यांना खुलं आहे. जुना बुकमार्क तिथे टाकला. आणि निघालं की! शब्द न् शब्द होता. फोटो मात्र जवळजवळ सगळे गळाले होते. सातव्याच्या जागी रिकामा चौकोन आणि खाली ओळ: ‘सपाट बाजू अशी, इकडे.’

आता ‘इकडे’ म्हणजे कुठे? मी सुई काढली, सपाट बाजू उजवीकडे करून बसवली. चार टाक्यांत धागा तुटला. मागच्या बाजूला फिरवून बसवली, पॅडल मारलं, आणि धागा चालला.

मग ते पान रिकाम्या चौकोनांसकट फोनमध्ये उतरवून घेतलं. आणि मशीनपाशी परत जाऊन, सुईवर बोट टेकवून एक फोटोही काढून ठेवला.