वाड्यातलं लग्न आणि पाच सह्या

वाडा पहिल्या दहा मिनिटांत पसंत पडला. त्या वाड्यात लग्नाच्या दोन दिवसांपुरती वीज आणायला मात्र पंचवीस दिवस गेले, आणि त्यातले तेवीस वाया. सोलापुरात जुन्या वाड्यात लग्न करायचं मनात असेल, तर खांबांवरची नक्षी बघण्याआधी विजेचं बिल बघायला मागा. बिलावर नाव कुणाचं, सँक्शन लोड (मंजूर वीजभार) किती, आणि मिळकत पत्रिकेवर, म्हणजे जागेच्या मालकीच्या सरकारी नोंदीवर, नावं किती, हे तीन प्रश्न पहिल्याच भेटीत विचारायचे. मी ते दोन महिन्यांनी विचारले.

वाडा कसब्यातला, माळवदाचा, म्हणजे मातीच्या सपाट छपराचा. दिंडी दरवाजा, आत दोन्ही बाजूंना देवड्या, मग दगडी फरशीचा चौक आणि तीन बाजूंनी सोपा, म्हणजे ओसरी. सागवानी खांब तळखड्यांवर, म्हणजे दगडी बैठकींवर, उभे, मागे परसात आड. चौक २४ फूट बाय २० फूट, म्हणजे ४८० चौरस फूट. बोहल्याला आणि त्याच्या भोवती फिरायला ८० चौरस फूट सोडले, एका खुर्चीला वाटेसकट ७ चौरस फूट धरले, तर खुर्च्या बसतात ५५ ते ६०. सोप्यावर सतरंज्या घालून आणखी ४० माणसं. अक्षता पडताना एका वेळी शंभर, त्याहून जास्त नाही. म्हणून पत्रिका दोन वेळांच्या काढल्या: जवळच्यांना मुहूर्ताची, बाकीच्यांना जेवणाची. वाडा निवडला की पाहुण्यांचा आकडा वाडाच ठरवतो, हे घरच्या मोठ्यांना आधी पटवून घ्या. आमच्याकडे १८० वर थांबायला तीन बैठका लागल्या.

मुहूर्त वैशाखातला, गोरज. वैशाखात सोलापूरचा पारा चाळिशीच्या वर असतो, त्यामुळे दुपारचा मुहूर्त उघड्या चौकात कुणी धरूच नये. ठरलेल्या मुहूर्ताच्या वेळेलाच वाडा बघायला जा. सकाळी सावलीत दिसलेला चौक दुपारी साडेतीनला तव्यासारखा असतो, आणि संध्याकाळी सातला एवढा अंधारतो की भटजींना पोथी दिसत नाही. तिथूनच विजेचा प्रश्न सुरू झाला.

हिशोब असा होता. एलईडी फ्लड ८, प्रत्येकी १०० वॅट: ८००. मांडवाचे मोठे कूलर ४, प्रत्येकी ५००: २०००. स्टँड फॅन ६, प्रत्येकी १५०: ९००. साउंड १५००. फोटो-व्हिडिओचे दोन दिवे २०००. फ्रीजर ४००. आचाऱ्याचा मिक्सर-ग्राइंडर १५००. पाण्याची १ एचपीची मोटर ७५०. बेरीज ९८५०, म्हणजे जवळपास १० किलोवॅट. त्याला २३० व्होल्टने भागलं की ४३ अँपिअर. वाड्याचा सँक्शन लोड होता २ किलोवॅट, म्हणजे ९ अँपिअरसुद्धा धड नाही. आतली वायरिंग लाकडी पट्टीवरची, कापडी वेष्टनाची, ठिकठिकाणी उघडी पडलेली. वर सागवानी तुळया. असल्या वायरिंगवर एक कूलर लावणंसुद्धा आगीला बोलावणं आहे. तिला हातच लावायचा नाही, सगळं लग्न वेगळ्या केबलवर चालवायचं, हे वायरमनने पहिल्या दिवशी सांगितलं आणि ते शंभर टक्के बरोबर होतं.

मग जनरेटर का नाही? गल्ली. जनरेटरची गाडी वळेना, ती मोठ्या रस्त्यावर उभी करायची तर तिथून दिंडी दरवाजा ९० मीटर. ६ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या केबलने एवढ्या अंतरावर ४३ अँपिअर ओढले तर जवळपास २४ व्होल्ट वाटेतच जातात. आत २०५ च्या आसपास येतात, मोटर गरम होते आणि कूलर रडतात. १६ चौरस मिलिमीटरची केबल घेतली तर घट ९ व्होल्टवर येते, पण ती जड केबल गल्लीतल्या सात घरांच्या दारांवरून न्यायची. शिवाय रात्रभर धूर आणि घरघर शेजाऱ्यांच्या खिडकीखाली. जनरेटर जवळ हवाच, पण वीज गेली तर म्हणून. मुख्य वीज टेम्पररी कनेक्शनचीच हवी.

आणि इथे मी अडकले.

टेम्पररी कनेक्शनचा अर्ज मी माझ्या नावाने केला, कारण लग्न आमचं, पैसे आमचे. कार्यालयाचं नाव लिहीत नाही. पहिल्या फेरीत खिडकीवर सांगितलं, मालकाची एनओसी आणा. आणली. दुसऱ्या फेरीत: एकाच मालकाची कशी, मिळकत पत्रिका दाखवा. नगर भूमापन कार्यालयातून पत्रिकेची नक्कल काढली, तर तिच्यावर धारक पाच. दोघे भाऊ, त्यातला एक वाड्यातच राहणारा. एक बहीण हैदराबादला. एक चुलतभाऊ पुण्याला. आणि पाचवं नाव आजोबांचं, ते जाऊन बरीच वर्षं झालेली, वारस नोंद केलेली नाही. विजेचं बिलही त्यांच्याच नावावर. तिसऱ्या फेरीत: “पाचही धारकांच्या सह्या लागतील, ताई.” पाचवे हयात नाहीत म्हटल्यावर: “मग वारस नोंद करून घ्या.” वारस नोंदीला मृत्यूचा दाखला, वारसांचे जबाब, नोटीस, मुदत. लग्न महिन्यावर आलेलं.

हैदराबादच्या बहिणीने एनओसी कुरिअरने पाठवली. ती चौथ्या फेरीत परत आली, नोटरी नाही म्हणून. नोटरी करून पुन्हा पाठवली, तेव्हा कळलं की सोबत ओळखपत्राची सही केलेली प्रत लागते. वायरिंग तपासल्याचा टेस्ट रिपोर्ट जोडला होता, त्यावरची तारीख अर्जाच्या तारखेच्या आधीची निघाली, म्हणून तोही नवा. यातली एकही गोष्ट पहिल्या दिवशी सांगता आली नसती असं नाही. कागदांची यादी एका पानाची आहे. ती पान उलटून माझ्यासमोर धरली असती तर सहा फेऱ्या वाचल्या असत्या. प्रत्येक फेरीला मी एकच कागद कमी म्हणून परत आले, आणि प्रत्येक वेळी पुढचा कागद नव्याने कळला. याचा राग माझा अजून उतरलेला नाही.

वाट दाखवली ती परवानाधारक विद्युत ठेकेदाराने, दुसऱ्या टेस्ट रिपोर्टवर सही करताना. त्याने अर्ज वाचला आणि विचारलं, अर्ज तुमच्या नावाने का? राहणाऱ्याच्या नावाने करा. वाड्यात प्रत्यक्ष राहणारे भाऊ स्वतः सहधारक, त्यांचं आधार त्याच पत्त्याचं, घरपट्टीची पावती त्यांच्या नावाची. जागेत राहणारा माणूस स्वतः अर्ज करत असेल आणि बाकीच्या धारकांची हरकत आली तर जबाबदारी माझी असं हमीपत्र स्टँप पेपरवर देत असेल, तर पाच सह्यांचा प्रश्न उरत नाही, असं तो म्हणाला. मी त्याच दिवशी खिडकीऐवजी आतल्या अभियंत्यांना भेटले. त्यांनी तेच सांगितलं. नवा अर्ज, हमीपत्र, घरपट्टीची पावती, आधार, टेस्ट रिपोर्ट, लोडचा तक्ता, अनामत. दोन दिवसांत मीटर लागला. तेवीस दिवस मी चुकीच्या नावाने दार वाजवत होते.

त्यामुळे सांगते: अर्ज वाड्यात राहणाऱ्याच्या नावाने करा, आणि तो माणूस पहिल्या फेरीला सोबत न्या. कागद देताना दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, आवक क्रमांक आणि तारखेसह. अपुरं असेल तर काय अपुरं आहे ते त्याच प्रतीवर लिहून मागा. लिहायची वेळ आली की यादी आपोआप पूर्ण होते. आणि खिडकीवर दोनदा परत पाठवलं तर तिसऱ्यांदा खिडकीवर जाऊ नका, आत जा.

मीटर लागल्यावर काम सोपं. देवडीत एक तात्पुरता बोर्ड, त्यात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच तोडणारा स्विच), दिवे, कूलर आणि स्वयंपाकघर यांना तीन वेगळे एमसीबी (लोड वाढला की पडणारे स्विच), परसात नवा अर्थिंगचा खड्डा. कूलरच्या पाण्याने फरशी ओली होते आणि माणसं अनवाणी असतात, म्हणून आरसीसीबीवर तडजोड नको. जनरेटरला चेंजओव्हर स्विच लावून घ्या, म्हणजे मीटर आणि जनरेटर यांपैकी एकाचीच वीज आत येते. लोड ठेकेदाराने जोडला, मांडववाल्याच्या पोराने नव्हे.

मांडवाबद्दल एकच, पण महत्त्वाचं. दोर खांबांना आणि नक्षीला बांधू द्यायचे नाहीत. वाऱ्याने कापड फुगलं की ओढ आडवी बसते, आणि तळखड्यावर नुसता टेकलेला खांब उभं वजन पेलण्यासाठी आहे, आडव्या ओढीसाठी नाही. स्वतःचे लोखंडी पाइप, खाली पाट्या, पाट्यांवर वाळूची पोती. खिळा एकही नाही, झेंडू सुतळीने. माळवदावर फोटोसाठी गर्दी चढू द्यायची नाही. वर पांढऱ्या मातीचा थर असतो, त्याचंच ओझं तुळयांवर पुष्कळ असतं. जिन्याला कुलूप लावून किल्ली मालकांकडे द्या.

हळद चौकात करू नका. वाड्याच्या भिंती चुन्याच्या, आणि चुन्याला हळद लागली की पिवळा डाग राहत नाही, तो लालभडक होतो, कुंकवासारखा. ओल्या फडक्याने पुसला तर पसरतो. आमच्याकडे एका लहान हाताचा पंजा सोप्याच्या भिंतीवर उमटला, पाच बोटं स्पष्ट, आणि तो खरवडून वर चुन्याचे दोन हात द्यावे लागले. हळद परसात, आडापासून दूर. आडावर जाळी आणि जाळीवर फळी, हे लेकरं येण्याआधी.

आता अंतरपाट. आमचा अंतरपाट सोलापुरी चादरीच्या विणकामात करून घेतला, आणि या लग्नातली मला सगळ्यात प्रिय गोष्ट तीच आहे. चादर जॅकार्ड मागावर विणतात, दुहेरी वीण, म्हणून एका बाजूला मरून रंगावर पांढरी नक्षी असेल तर उलट बाजूला पांढऱ्यावर मरून येते. पहिल्या नमुन्यात दोघांची नावं मध्यभागी विणायचं ठरलं. ग्राफ पेपरवर नक्षी काढताना विणकर म्हणाले, मागच्या बाजूला अक्षरं उलटी येतील. अंतरपाटाला मागची बाजू नसतेच, दोन्हीकडे एकेक माणूस उभं असतं. म्हणजे दोघांपैकी एकाला आपलं नाव आरशातल्यासारखं दिसणार. मग नावं काढली आणि समोरासमोर दोन मोर घेतले, ते दोन्हीकडून सारखेच. नावं दोन्ही बाजूंना काठावर हाताने भरली. जोडाक्षरं विणकामात तशीही बुजतात, दोन इंचांपेक्षा लहान अक्षर देऊ नका. माप २ मीटर बाय सव्वा मीटर, पूर्ण चादरीचं नको. मंगलाष्टकं संपेपर्यंत दोघांनी ते हातांवर धरायचं असतं, आणि चादर जड असते. एका नगासाठी मागाची नक्षी बदलणं कुणालाच परवडत नाही, म्हणून त्याच नक्षीत पाहुण्यांना द्यायचे ४० छोटे नग विणून घेतले. दोन महिने आधी सांगा.

जेवणात कडक भाकरी आणि शेंगाचटणी ठेवली, आणि शेवटी हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर. कडक भाकरी आठवडाभर आधी करून ठेवता येते, त्यामुळे लाकडी वाड्यात त्या दिवशी पेटलेल्या शेगड्या दोनने कमी झाल्या. सिलिंडर परसात उघड्यावर, सोप्याखाली एकही नाही. जवळ ६ किलोची दोन एबीसी (कोरड्या पावडरची) अग्निशामकं आणि वाळूच्या बादल्या. दिंडी दरवाजातली लहान दिंडी उघडून चालत नाही, दोन्ही मोठी दारं पूर्ण उघडून अडसर काढून ठेवा. उंबरा नऊ इंचाचा होता, त्याला दोन्ही बाजूंनी फळीचा उतार केला.

पाणी राहिलंच सांगायचं. सोलापुरात नळ रोज येत नाही, तेव्हा त्या पेठेची पाण्याची पाळी कोणती ते आधी विचारा आणि तिच्या भरवशावर राहू नका. ५००० लिटरचा टँकर गल्लीच्या तोंडाशी, तिथून पाइप. वाड्यात संडास एकच असतो, फिरती स्वच्छतागृहं सांगा, आम्ही चार आणली.

जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेच्या दिवसांत, संक्रांतीच्या आसपास, कसबा आणि बाळीवेस भागात काही ठरवू नका. नंदीध्वज, म्हणजे यात्रेच्या मानाच्या उंच काठ्या, उत्तर कसब्यातल्या हिरेहब्बू वाड्यातून निघतात आणि भोगीला सिद्धेश्वरांच्या अक्षता असतात. रस्ते बंद, आणि ते योग्यच आहे. लाउडस्पीकर रात्री १० ला बंद, १०० मीटरच्या आत शाळा किंवा दवाखाना असेल तर लावूच नका. चौकात सनई-चौघडा स्पीकरशिवाय पुरतो, दगडी फरशी आवाज उचलते.

लग्न झाल्यावर मीटरच्या शेवटच्या रीडिंगचा तारखेसकट फोटो काढा आणि कनेक्शन तोडण्याचा अर्ज दुसऱ्याच दिवशी द्या. अनामत अर्जदाराच्या खात्यात परत येते, तुमच्या नाही. म्हणून पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत वाड्यातल्या भावांकडून आधीच घेऊन ठेवा. आणि त्या अर्जाचीही पोच घ्या.