आठ काउंटर, चालू दोन

परवाच्या रविवारी संध्याकाळी महिन्याचं सामान आणायला मार्टात गेलतो. कुठल्या ते सांगत नाही, सांगून फरक पण पडत नाही. आबांना पण बरोबर घेतलं, घरात बसून बसून कावलेत म्हणून. सामान गोळा करायला २५ मिनिटं लागली आणि बिल करायला ५२. मोबाईलवर टाईम बघून सांगतोय, तोंडाला येईल ते नाही.

काउंटर आठ. चालू दोन. बाकी सहांवर 'काउंटर बंद आहे' अशा पाट्या, त्या पण छापून लॅमिनेट केलेल्या, म्हणजे बंद ठेवायची तयारी किती पक्की बघा. त्यातलाच एक '१० वस्तूंपर्यंत' वाला एक्सप्रेस काउंटर, त्याच्यावर बिस्किटांचे खोके रचून ठेवलेले. मला एक कळत नाही, महिन्याचा पहिला रविवार काय अचानक उगवतो काय? पगार झाला की गर्दी होणार हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाबी कळतंय, आणि एवढे सीसीटीव्ही, एवढे कॉम्प्युटर लावून बसलेल्यांना कळत नाही असं मी तर मानत नाही. त्यांना कळतंय, फक्त आपण उभारतोय हे पण त्यांना माहिती झालंय. अर्धी ट्रॉली भरल्यावर ती सोडून कोण जातंय का?

रांग निवडण्यात मी स्वतःला लई हुशार समजायचो. तीन रांगा असल्या तर आपली पहिली सुटायचा चान्स तीनात एक, म्हणजे बहुतेक वेळा शेजारची कुठलीतरी पुढं जाणारच, त्यात नशीब फुटकं वगैरे काही नसतंय, हिशोबच तसा आहे. हितं दोनच होत्या. तरी माझीच अडकली, ते मात्र नशीब.

माझ्या पुढं एक काकू. काकू ट्रॉली घेऊन जागा धरून उभ्या आणि काका दर दोन मिनिटाला आत पळत जाऊन काहीतरी घेऊन येत होते, एकदा शाबू, एकदा फिनेल, एकदा तर नुसतंच विचारायला आले, पोहे जाड का पातळ. म्हणजे मी एका ट्रॉलीमागं नाही तर वाढत्या ट्रॉलीमागं उभा होतो. त्यांचा नंबर लागला आणि वांग्यांची पिशवी निघाली, त्याच्यावर वजनाचं स्टिकरच नाही. वांगी आत परत वजनाला गेली. मग एका साबणाचा बारकोड स्कॅन होईना, पोरगी एकेक आकडा हातानं दाबायला लागली, १३ आकडे. मला बघायला वेळच वेळ होता म्हणून सांगतो, आपल्याकडच्या कंपन्यांचा बारकोड ८९० नं सुरू होतो आणि शेवटचा आकडा हा आधीचे बारा बरोबर आहेत का ते तपासायला असतोय. एक चुकला की मशीन ओरडतं. दोनदा ओरडलं. २६ जून १९७४ ला अमेरिकेत ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावात पहिल्यांदा दुकानात बारकोड स्कॅन झाला, च्युइंगमचं पाकीट होतं, त्याला पन्नास वर्षं होऊन गेली आणि कोल्हापुरात अजून आमचा साबण स्कॅन होत नाही.

साबण झाला तर तेल. रॅकवर ऑफरचा एक दर लावलेला, बिलात दुसराच. काकू पण कोल्हापूरच्याच, सोडतायत होय. "तिथं बोर्ड लावलाय की तुमच्यातच, चल दाखवतो तुला." पोरगी म्हणाली, "मला बदलता येत नाही काकू, सरांची चावी लागते. थांबा, बोलवतो." सर कुठं, तर चहाला. आणि सगळं ठप्प. एका तेलाच्या कॅनसाठी सतरा माणसं उभी. एवढं मोठं दुकान पण चार रुपयांची चूक दुरुस्त करायचा अधिकार काउंटरवर बसलेल्या पोरीला नाही.

बसलेल्या म्हटलं खरं, पण ती बसलेली नव्हती. खुर्चीच नव्हती तिथं. सकाळपासनं उभी असणार. आपण तासभर उभारलो तर तोंड वाकडं करतोय. केरळनं २०१८ ला आणि तामिळनाडूनं २०२१ ला कायद्यात बदल करून दुकानात काम करणाऱ्यांना बसायची सोय द्यायला लावली, तोवर आठ-दहा तास उभं राहणं हीच नोकरी होती, आणि बाकीकडं अजून आहेच. त्यामुळं काउंटरवरची पोरगी आपल्याकडं बघून हसली नाही, नमस्कार-चमत्कार केला नाही, तर मला आजकाल राग येत नाही. मागं एक टी-शर्टवाला तिलाच झापालता, "काय स्पीड हाय का न्हाई तुमचा?" अरे भावा तिच्यावर काय ओरडतोस, सहा काउंटर तिनं बंद केलेत होय?

राग येतो तो 'ग्राहक सेवा' नावाच्या टेबलाचा. गेल्या महिन्यात तूरडाळीचं पाकीट फोडलं तर आत किडे. परत द्यायला गेलो. "बिल?" दिलं. बिल पांढरंफटक. त्या कागदावर शाई नसतेच, उष्णतेनं काळा पडणारा थर असतोय, आणि स्कूटीच्या डिकीत उन्हात पंधरा दिवस राहिलं की अक्षरं गायब. म्हणजे वस्तू परत घ्यायला जो पुरावा लागतो तोच ह्यांनी गायब होणाऱ्या कागदावर छापायचा. म्हटलं ठीक आहे, माझा मोबाईल नंबर आहे की तुमच्याकडं, दर वेळी घेता, त्याच्यावर बघा. तर म्हणतो, "ते ऑफरसाठी असतंय सर, रिटर्नला चालत नाही." आता बोला. रोज सकाळी साडेसातला साखरेच्या ऑफरचा मेसेज टाकायला माझा नंबर चालतोय, आणि डाळीत किडे निघाले की मी कोण ते ह्यांना माहिती नाही.

त्या नंबरवरनं आठवलं. मे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं दुकानदारांना सांगितलंय की मोबाईल नंबर दिल्याशिवाय बिलच करणार नाही असा हट्ट धरायचा नाही. डाळीच्या त्या प्रकारापासनं मी विचारलं की 'नाही देत' म्हणतो. एकदा म्हटलो तर कॅशियर दोन सेकंद माझ्याकडं बघत बसला आणि मग स्वतःचाच कुठला तरी पाठ केलेला नंबर टाकून मोकळा झाला. तसंच पिशवीचं. राष्ट्रीय ग्राहक आयोगानं डिसेंबर २०२० मध्ये एका मोठ्या साखळी दुकानाच्या केसमध्ये सांगितलंय की आधी न सांगता ऐन बिलाच्या वेळी पिशवीचे पैसे लावणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे. मी घरनंच पिशवी नेतो, तो भाग वेगळा, पण शेजारचा माणूस दहा रुपयाची पिशवी आणि वर त्यांचीच जाहिरात मिरवत निघालेला बघितला की हात शिवशिवतात.

१९१५ वर फोन करायचं डाळीच्या वेळी डोक्यात आलतं, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन. तक्रार आपण राहतो तिथंच जिल्हा आयोगात करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी पण नाही. पण अर्धा किलो डाळीसाठी कोण करतंय. मी पण नाही केला. डाळ टाकून दिली आणि पुढच्या महिन्यात परत त्याच रांगेत येऊन उभारलो. तेलाच्या कॅनमागं चाळीस रुपये वाचतात म्हणून. खोटं कशाला बोलू.

आता आबांचं सांगतो. मंगळवार पेठेत आमचं किराणा दुकान होतं, आबांनी ३१ वर्षं चालवलं. दहावीपर्यंत शाळा सुटली की मी गल्ल्यावर. सकाळी तालमीतली पोरं बदाम-खारीक न्यायला यायची, संध्याकाळी बायका, आणि दुकानापुढं रांग अशी कधी नव्हतीच, सगळा घोळकाच. पण त्या घोळक्यात कोण आधी आलं ते आबांना पक्कं माहिती असायचं. एकाची साखर तागडीत, तेवढ्यात दुसऱ्याला "वहिनी, तुमचं काय काय सांगा", तिसऱ्याचे सुट्टे पैसे हातात, आणि नुकत्याच पायरीवर आलेल्या म्हातारीला नुसतं "या मावशी" म्हणून मान हलवलेली. ती मान हलवली की मावशी पंधरा मिनिटं निवांत उभारायच्या. घाई सगळ्यांनाच असायची, उशीर पण व्हायचाच, आबा काय मशीन नव्हते, आणि उधारीवाल्यांना ते जे बोलायचे ते हितं लिहिता पण येत नाही. पण आपण दिसलोय हे गिऱ्हाइकाला कळायचं. दुकान बंद झालं ते असल्याच मार्टांमुळं. आणि शेवटी शेवटी आमच्याच घरातलं तेल मी मार्टातनं आणायचो, आबांना ते माहिती होतं, कधी बोलले नाहीत.

एर्लांग म्हणून एक डॅनिश गणिती होता. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीसाठी त्यानं ह्याच प्रश्नाचं गणित मांडलं, १९०९ ला त्याचा पहिला पेपर आला. किती लोक एका वेळी फोन लावतील, किती लाईन ठेवल्या तर किती थांबायला लागेल. म्हणजे कधी किती काउंटर उघडायचे हे शंभर वर्षांपूर्वीच सुटलेलं कोडं आहे. आणि सगळ्या काउंटरना मिळून एकच रांग केली तर वांग्याच्या पिशवीमागं एकटा माणूस अडकून पडत नाही, जो काउंटर मोकळा होईल तिकडं पुढचा जातोय. अंबाबाईच्या देवळात तर आपल्याकडं एक्सप्रेस काउंटर पण कधीपासनं आहे की, मुखदर्शन! घाई असेल त्यानं लांबनं हात जोडावेत आणि सुटावं, गाभाऱ्यापर्यंत जायचं त्यानं रांगेत यावं. तिथं कुणी मुखदर्शनाच्या वाटेत बिस्किटांचे खोके रचत नाही.

तर सर अजून चहालाच. काकू तेलाच्या कॅनवर हात ठेवून उभ्या, पोरगी स्क्रीनकडं बघत उभी, टी-शर्टवाला व्हिडिओ काढालता, आणि माझ्या शेजारी आबा नाहीत. म्हटलं कुठं गेले, पायऱ्यांवर बसले असतील. बघतो तर काउंटरच्या पलीकडच्या टोकाला जाऊन उभारलेत आणि काकूंचं स्कॅन झालेलं सामान पिशवीत भरालेत. खाली जड, वर हलकं, अंडी बाजूला, साबण पोह्यांपासनं लांब. पोह्यांना वास लागतो म्हणून. काकूंना म्हणतात, "दुसरी पिशवी द्या, ही दांडीला फाटणार तुमची." मग मागं वळून माझ्या पुढच्या नाही, माझ्याही मागच्या माणसाला, "तुमची भाजी वजन केलेली हाय न्हवं? बघून घ्या आत्ताच." तो माणूस गुपचूप कोथिंबीर घेऊन वजनाला गेला. त्याच्या मागची बाई पण गेली. टी-शर्टवाल्याला, "यूपीआय करणार असशील तर ॲप उघडून ठेव बाळ, मग तितं पासवर्ड आठवत बसतोस."

पोरगी पहिल्यांदा हसली.

मी "आबा, या हिकडं" म्हणून दोनदा हाक मारली, ऐकायलाच तयार नाहीत. दहा वर्षांनी गल्ल्याच्या जवळ गेलेला माणूस, तो काय ऐकतोय.

आणि काय आश्चर्य, पंधरा मिनिटं चहाला गेलेले सर अर्ध्या मिनिटात हजर. कॅमेऱ्यात दिसलं असणार. गळ्यात आयडी कार्ड, हातात वॉकीटॉकी, तोंडावर सगळं टेन्शन. "आजोबा, स्टाफशिवाय काउंटरच्या आत अलाऊड नाही. बाहेर या."

आबांनी हातातली पोह्यांची पिशवी नीट गाठ मारून काकूंच्या ट्रॉलीत ठेवली आणि त्याच्याकडं बघितलं.

"आलास व्हय तू? बरं झालं. ती चावी लाव आधी, पोरगी कवाची खोळंबलीया."